मुख्यमंत्र्यास जाब कोणी विचारावयाचा?

(हैदराबादेतील कुकटपल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभेत निघालेला विषय आमच्या सीमाभागातील वाचकांच्याही जिव्हाळ्याचा असल्यामुळे तो येथे देत आहोत.)



सोलापुराहून निघालेला रस्ता उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद अशी गावे घेत हैदराबादेत शिरतो तो आपल्या या कुकटपल्लीवरून. उमरग्यापासून येथवरचा सारा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होता. त्या दिवशी उमरगा मुंबई राज्यात गेले, हुमनाबाद म्हैसुरात आणि जहीराबाद आंध्र प्रदेशात. आज येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोळ एका राज्यात, शेतजमीन दुसऱ्या राज्यात आणि मतदारयादीतील नाव तिसऱ्या राज्यात आहे. आम्ही बेळगावकडील माणसे. आमची कथा आपणांस ठाऊक आहे. तिची उजळणी करण्यासाठी आम्ही आलेलो नाही.

आज बोलावयाचे ते निराळ्याच विषयावर, आणि तो विषय आम्हांस सभेपूर्वी चहाच्या वेळी मिळाला. मूळचे उदगीरकडचे आणि गेली तीस वर्षे येथील हाउसिंग बोर्ड वसाहतीत राहणारे एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, ‘‘साहेब, आम्ही मत दिले एका पक्षाला. आमदार निवडून आला आणि गेला दुसऱ्याच पक्षात. ज्याला जाब विचारायला त्याला पाठविला, त्याच्याच मागच्या बाकावर जाऊन बसला. मग मुख्यमंत्र्याला विचारणार कोण?’’ प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर सरळ नाही. ते शोधण्याच्या नादात आम्ही योजिलेले भाषण बाजूस ठेवले आहे.

प्रथम ‘जाब’ या शब्दाविषयी. या शहराने त्याची किंमत मोजलेली आहे. निजामाच्या राज्यात दिवाण होते, कार्यकारी मंडळ होते, नावापुरते कायदेमंडळही होते. नव्हते ते एवढेच, की त्या मंडळाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणारा दिवाण घरी जावा अशी तरतूद. सर अकबर हैदरी असोत की मीर लायक अली असोत, प्रत्येकाचे उत्तर जात असे ते वर, निजामाकडे. खाली रयतेकडे त्यातले काही येत नसे. १९३८ च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह आरंभिला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, मराठवाड्यातील शेकडो तरुण त्यांच्यामागे गेले. त्या सर्वांची मागणी दोन शब्दांत होती : जबाबदार राज्यपद्धती. निजामास पदच्युत करा असेही ती मागणी म्हणत नव्हती. राज्य निजामाचेच असो, पण जो राज्य चालवितो तो लोकप्रतिनिधींस जबाबदार असो, एवढेच तिचे म्हणणे होते. सुधारणा-समित्या बसल्या, घोषणा झाल्या. पण हे एक तत्त्व निजामाने अखेरपर्यंत मान्य केले नाही. कारण उघड आहे. ज्यास जाब विचारता येतो त्यास काढताही येते, हे तो पुरते जाणून होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. १९५० साली वेल्लोडी मुख्यमंत्री झाले, पण ते दिल्लीने नेमलेले सनदी अधिकारी. सभागृहास जबाबदार नव्हते. १९५२ च्या मार्चमध्ये बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि या भूमीवर प्रथमच असा कारभारी आला की ज्याचे पद सभागृहातील माना मोजून ठरणार होते. एकंदर १७५ जागांपैकी काँग्रेसच्या ९३, समोर डाव्यांचा बलवान गट, आणि अध्यक्षाच्या आसनावर काशिनाथराव वैद्य. आपल्या मराठी समाजातील हा गृहस्थ हैदराबादच्या पहिल्या निर्वाचित विधानसभेचा अध्यक्ष होता, हे येथील नव्या पिढीस सांगावयास हवे. पुढे अध्यक्षाच्या आसनाविषयी आम्हांस काही बोलावयाचे आहे, तेव्हा हे नाव ध्यानात ठेवा.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुलकी आंदोलनात या शहरात पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. रामकृष्णरावांच्या सरकारने न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्याकडे चौकशी सोपविली आणि त्या वर्षअखेर अहवालही आला. चौकशीने मेलेला माणूस परत येत नाही, हे खरे. परंतु सरकारने गोळी झाडली तर ती का झाडली हे सांगण्यास सरकार बांधलेले आहे, हा दंडक निजामाच्या पाठोपाठ चार वर्षांत येथे रुजला, ही सामान्य गोष्ट नव्हे. आता याच्या शेजारी मुंबई ठेवून पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईच्या रस्त्यांवर याहून कितीतरी अधिक रक्त सांडले. तेथे मोरारजीभाई मुख्यमंत्री, पाठीशी प्रचंड बहुमत. चौकशीची मागणी झाली; चौकशी झाली नाही. कायदा दोन्हीकडे एकच होता. फरक होता तो समोरच्या बाकांवर कोण आणि किती बसले होते याचा.

येथे चिंतामणराव देशमुखांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यांनी अर्थमंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन केले. आपल्याकडे त्या राजीनाम्याची आठवण मराठी बाण्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिच्यातील घटनात्मक मुद्दा आम्ही बहुधा विसरतो. देशमुखांची तक्रार दोन गोष्टींची होती. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकार नाकारीत होते, ही एक. दुसरी अशी की, मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जूनमध्ये मुंबईत जाहीर केला, तो मंत्रिमंडळात विचार झाल्यावाचून. मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते, असे घटनेचे ७५ वे कलम सांगते. ज्या निर्णयाचा मंत्र्यांना पत्ताच नाही त्याची सामुदायिक जबाबदारी त्यांनी घ्यावयाची कशी? म्हणजे पंतप्रधानाने पहिला जाब द्यावयाचा तो आपल्याच सहकाऱ्यांना, आणि तेथे न दिला तर एका सहकाऱ्याने उठून तो भर लोकसभेत मागावयाचा. नेहरूंसारख्या लोकप्रिय पुरुषास देशमुखांनी तो मागितला. नेहरूंचे आसन हलले नाही. परंतु पुढच्याच महिन्यात मुंबई केंद्राकडे ठेवण्याचा बेत बदलला आणि द्विभाषिक आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आपला हिशेब वेगळा मांडला. १ मे १९६० चा रस्ता या दोन्हींतून गेला आहे.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना या दोन्हींचे विवरण केले होते. अमेरिकेच्या पद्धतीत कारभारी अधिक स्थिर, आपल्या पद्धतीत अधिक जबाबदार. आणि दोन्ही गुण एकत्र पुरेसे मिळत नसल्याने आपण जबाबदारीस झुकते माप दिले आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. जबाबदारीची परीक्षा दोन वेळा होते. एक निवडणुकीत, मतदारांकडून; दुसरी रोजच्या रोज, सभासदांकडून, प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वासाचा ठराव या साधनांनी. आपली पद्धत श्रेष्ठ मानावयाची ती या रोजच्या परीक्षेमुळे. पाच वर्षांनी एकदा होणारी परीक्षा काय, अमेरिकेतही चार वर्षांनी होतेच.

तर मग ही रोजची परीक्षा घेणारा कोण? राज्यपाल नव्हे. हे कळावयास देशास दहा वर्षे लागली, आणि तो धडा सुरू झाला याच शहरात. जानेवारी १९८३ मध्ये नंदमूरी तारक रामाराव प्रचंड बहुमताने मुख्यमंत्री झाले. पुढल्या वर्षी हृदयावरील शस्त्रक्रिया करवून ते अमेरिकेहून परतले तो त्यांच्याच मंत्रिमंडळातील नादेंडला भास्करराव बहुमत आपल्याकडे असल्याचे सांगत उभे राहिले. रामाराव म्हणत होते की विधानसभा बोलवा, तेथे मोजा. राज्यपाल रामलाल यांनी विधानसभा बोलाविली नाही. १६ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांनी रामारावांना बडतर्फ केले आणि भास्कररावांना शपथ देऊन बहुमत दाखविण्यास महिनाभराची मुदत दिली. जे दोन दिवसांत मोजता आले असते त्यास एक महिना! त्या महिन्यात काय घडले हे येथील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. रामारावांचे आमदार आधी येथल्या चित्रपट-स्टुडिओत आणि नंतर रामकृष्ण हेगडे यांच्या आश्रयाने कर्नाटकात मुक्कामास गेले. (आमदारांस मोटारींत घालून परराज्यात पोसण्याची विद्या त्यानंतर सर्वच पक्षांनी आत्मसात केली. सुरत आणि गुवाहाटी ही नावे महाराष्ट्रात आता पोरासोरांस ठाऊक आहेत.) रामारावांनी आपले आमदार दिल्लीस नेऊन राष्ट्रपतींपुढे उभे केले. देशभर गहजब झाला, राज्यपाल बदलले, भास्कररावांना सभागृहात बहुमत दाखविणे जमले नाही आणि १६ सप्टेंबरास रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आपण म्हणाल, न्याय झाला. झाला, पण तो रस्त्यावरच्या क्षोभाने झाला, नियमाने नव्हे. नियम यावयाचा होता तो आमच्या बाजूने. एप्रिल १९८९ मध्ये हुबळीचे सोमप्पा बोम्मई कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रे राज्यपालांकडे गेली. त्यांपैकी काहींनी लगेच दुसरी पत्रे लिहून आपण बोम्मईंबरोबरच असल्याचे कळविले. बोम्मई म्हणाले, अधिवेशन आधी घ्या, मी बहुमत दाखवितो. राज्यपालांनी ऐकले नाही. २१ एप्रिल रोजी राष्ट्रपती राजवट आली. बोम्मई न्यायालयात गेले आणि पाच वर्षांनी, ११ मार्च १९९४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निर्णय दिला. त्यातील आपल्या विषयापुरते सार असे की, बहुमत आहे की नाही हे राजभवनाच्या दिवाणखान्यात ठरावयाचे नाही, ते सभागृहात ठरावयाचे. बोम्मईंचे गेलेले पद त्यांस परत मिळाले नाही. परंतु त्यानंतर कोणाही मुख्यमंत्र्यास पत्रांच्या गठ्ठ्यावर घरी पाठविणे राज्यपालांस अवघड झाले.

त्या निर्णयास दीड वर्ष होते न होते तो हैदराबादेतच रामारावांवर दुसरी पाळी आली. १९९४ च्या अखेरीस पुन्हा मोठ्या बहुमताने निवडून आलेले रामाराव १९९५ च्या ऑगस्टअखेर पद गमावून बसले. या वेळी राज्यपालाने नव्हे, स्वतःच्या आमदारांनी त्यांना सोडले. ते जावयाभोवती, चंद्राबाबू नायडूंभोवती, हुसेनसागराकाठच्या एका हॉटेलात गोळा झाले आणि १ सप्टेंबरास नायडूंनी शपथ घेतली. रामारावांच्या चाहत्यांनी तो विश्वासघात म्हटला. कौटुंबिक दृष्टीने तो असेलही. त्यात आम्ही पडत नाही. घटनेच्या दृष्टीने १९८४ ची बडतर्फी अवैध आणि १९९५ ची पदच्युती वैध. एकाच पुरुषास एकाच शहरात दोनदा पद सोडावे लागले. पहिल्या वेळी काढणाऱ्यास तो अधिकार नव्हता, दुसऱ्या वेळी होता. ज्यांच्या बळावर मुख्यमंत्री होता येते त्यांनी बळ काढून घेतले की मुख्यमंत्रिपद जाते. लोकांनी मला निवडले, हे वाक्य मुख्यमंत्री नेहमी उच्चारतात. पण लोकांनी निवडलेला असतो तो आमदार. मुख्यमंत्र्यास निवडतात ते आमदार.

आणि म्हणून ज्याला जाब द्यावयाचा त्याने सभागृहात जावे. अटलबिहारी वाजपेयी १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेस सामोरे गेले आणि २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने पडले. याउलट मोरारजीभाई जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी आणलेल्या अविश्वासाच्या ठरावावर मतदान होण्यापूर्वीच राजीनामा देऊन मोकळे झाले. उद्धव ठाकरे यांनीही २९ जून २०२२ रोजी बहुमत-चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ती चाचणी घेण्यास सांगणे राज्यपालांचे चुकलेच. पण ठाकरे स्वेच्छेने पायउतार झाल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येत नाही. सभागृहाचे दार न ओलांडण्याची किंमत याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलेली नाही.

आतापर्यंत आम्ही मुख्यमंत्री पडण्याच्या गोष्टी सांगितल्या. परंतु जाब म्हणजे केवळ पाडणे नव्हे. न पडताही उत्तर द्यावे लागते, आणि कधीकधी जिंकूनही जावे लागते. मे १९४० मध्ये इंग्लंडात नॉर्वेच्या मोहिमेवरील चर्चेअखेर चेंबरलेन २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. एरवी दोनशेहून अधिक असणारे मताधिक्य ८१ वर आले होते, कारण त्यांच्याच बाजूच्या सुमारे चाळीस सभासदांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले होते. दोनच दिवसांत चेंबरलेन गेले आणि चर्चिल आले. आता कल्पना करा की असे चाळीस सभासद आपल्याकडे निघाले. काय होईल? चाळीसांचीही सभासदत्वे जातील! १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सभासद अपात्र ठरतो, पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही तर. हा कायदा आयाराम-गयारामांसाठी झाला आणि त्याची गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याने गयारामाबरोबर स्वतंत्र बुद्धीच्या सभासदाचेही हातपाय बांधले. सत्ताधारी बाजूचा आमदार आपल्या मुख्यमंत्र्याविरुद्ध मत देऊ शकत नाही. तेव्हा रोजची परीक्षा घेण्याचे काम सारे विरोधी बाकांवर येऊन पडते.

बॅरिस्टर अंतुले यांचे प्रकरण या ठिकाणी आठवते. १९८० मध्ये २८८ पैकी १८६ जागा मिळवून आलेले ते सरकार सभागृहात हलणे शक्य नव्हते, आणि हललेही नाही. वृत्तपत्राने सिमेंट आणि देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले, विरोधी आमदार प. बा. सामंत प्रभृती उच्च न्यायालयात गेले आणि न्या. लेंटिन यांच्या जानेवारी १९८२ मधील निकालानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांच्यावरील फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा आपलाच आदेश रद्द केला. गुन्हा सिद्ध होणे वेगळे आणि पदास अपात्र ठरणे वेगळे. मुख्यमंत्र्याने जाब द्यावयाचा तो आरोपी म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. आमच्या पुढाऱ्यांना हा भेद अजून पटलेला नाही. ‘न्यायालयात सिद्ध होऊ द्या’ हे त्यांचे ठेवणीतले उत्तर.

आता आपल्या कुकटपल्लीकडे वळू. हा मतदारसंघ मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली प्रथम अस्तित्वात आला, आणि त्याने पहिल्याच निवडणुकीत डॉ. जयप्रकाश नारायण यांना निवडून दिले. हे बिहारचे लोकनायक नव्हेत. सनदी नोकरी सोडून लोकसत्ता चळवळ काढणारे हे तेलुगु गृहस्थ. आपल्या पक्षाचे ते सभागृहातील एकटेच सभासद. आमच्या विषयावर त्यांचे ठाम मत आहे. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे आमदार सरकारवर देखरेख करावयास जातच नाही. तो सरकारात वाटा मिळविण्यास जातो. मुख्यमंत्र्यास आमदार सांभाळावे लागतात, म्हणून बदल्या, कंत्राटे, ठाणे, तहसील सारे आमदाराच्या हाती जाते. तेव्हा राज्याचा प्रमुख लोकांनी थेट निवडावा, त्याचे मंत्री आमदारांबाहेरचे असावेत, आणि आमदाराने केवळ कायदे करावेत व हिशेब विचारावा.

निदान अचूक आहे. औषधाविषयी आम्ही साशंक आहोत. इस्राएलने १९९६ पासून पंतप्रधान थेट निवडून पाहिला; लोकांनी पंतप्रधानास एक मत आणि आपापल्या लहान पक्षास दुसरे मत दिले, सभागृहाचे अधिकच तुकडे झाले, आणि २००१ मध्ये तो प्रयोग त्यांनी मोडीत काढला. महाराष्ट्रात नगराध्यक्ष कधी थेट निवडावयाचा, कधी नगरसेवकांनी, असा खेळ प्रत्येक नवे सरकार करीत आले आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे झाले म्हणजे गावाचे पाणी कसे अडते, हे निपाणीपलीकडच्या आमच्या सोयऱ्यांना विचारा. आणि मुख्य आक्षेप असा की, थेट निवडलेल्यास मुदत संपेपर्यंत काढता येत नाही. जाब चुकविणाऱ्यास पाच वर्षांचा पट्टा लिहून देणे हा जाब मिळविण्याचा मार्ग कसा ठरेल?

पण डॉक्टरांचे निदान किती खरे होते ते त्यांच्याच मतदारसंघाने दाखवून दिले. २०१४ मध्ये त्यांनी ही जागा सोडून मलकाजगिरीतून लोकसभा लढविली आणि ते पडले. कुकटपल्लीतून तेलुगु देसमचे माधवरम कृष्णराव निवडून आले. सत्ता तेलंगण राष्ट्र समितीची, तेव्हा मतदारांनी त्यांस पाठविले ते विरोधी बाकावर. पुढे ते सत्ताधारी पक्षात गेले. ते एकटे नव्हते. देसमच्या पंधरांपैकी बहुतेक गेले आणि त्यास विलीनीकरण असे नाव मिळाले. २०१८ नंतर पाळी काँग्रेसची आली : जून २०१९ मध्ये तिच्या अठरापैकी बारा आमदार त्याच पक्षात ‘विलीन’ झाले. दोनतृतीयांश भरले की पक्षांतर पक्षांतर राहत नाही! आम्हां सीमाभागातील लोकांना विलीनीकरण हा शब्द फार प्रिय आहे. त्याचा हा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. मग डिसेंबर २०२३ मध्ये राज्य काँग्रेसकडे गेले आणि चक्र उलटे फिरले. भारत राष्ट्र समितीचे दहा आमदार नव्या सत्तेकडे सरकले. ज्यांनी कालपर्यंत विलीनीकरण साजरे केले तेच आता लोकशाहीच्या नावाने न्यायालयात गेले. अर्ज विधानसभेच्या अध्यक्षांपुढे पडून होते. ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्यास सांगितले आणि हा अधिकार अध्यक्षांकडे ठेवावा काय याचा संसदेने फेरविचार करावा, असेही सुचविले. काशिनाथराव वैद्य ज्या आसनावर बसले त्या परंपरेतील आसनाविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायालयास असे लिहावे लागले.

कायदा कसा उलटा बसला आहे पाहा. सत्ताधारी बाकावरील सभासद मुख्यमंत्र्याविरुद्ध प्रामाणिकपणे मत देईल तर त्याचे पद जाते. विरोधी बाकावरील सभासद मुख्यमंत्र्याकडे निघून जाईल तर त्याचे पद वर्षानुवर्षे राहते. अर्थात मुख्यमंत्र्यास दोन्हीकडून अभय.

उदगीरकर गृहस्थांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. उरलेले अर्धे कडू आहे, पण सांगितले पाहिजे. माधवरम कृष्णराव २०१८ मध्ये नव्या पक्षातर्फे उभे राहिले आणि जिंकले. समोर उमेदवार होती ती रामारावांची नात, देसमच्याच तिकिटावर. २०२३ मध्ये ते पुन्हा जिंकले, आणि आता त्यांचा पक्ष विरोधात असल्यामुळे मतदारांनी २०१४ साली दिलेल्या कामावर ते नऊ वर्षांनी रुजू झाले आहेत. त्यांच्यावर आमचा कोणताही आरोप नाही. त्यांनी रस्ते केले असतील, नळ आणले असतील, अडल्यानडल्यास ते धावले असतील. मतदारांनी ते पाहिले आणि मत दिले. मुद्दा एवढाच की, मतदारांनी पक्षांतर हिशेबात धरलेच नाही. निवडणुकीतील परीक्षा झाली ती नळाची झाली. मुख्यमंत्र्यास जाब विचारला की नाही, हा त्या परीक्षेत विषयच नव्हता. मग आमदार त्याचा अभ्यास कशाला करील?

आमचेही पाय मातीचेच आहेत. आमच्या भागातून बेंगळुरास एके काळी सीमावासीयांचे पाच-सहा आमदार जात. त्यांच्याने सरकार पडणे शक्य नव्हते. पण मराठी शाळेचा, कागदपत्रांच्या भाषेचा प्रश्न घेऊन एक माणूस उठला म्हणजे मुख्यमंत्र्यास उत्तर द्यावे लागे आणि ते उत्तर कामकाजात छापले जाई. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत त्यांच्यापैकी एकही निवडून आला नाही. दुफळी आमचीच. आता हिवाळी अधिवेशनास सारे मंत्रिमंडळ बेळगावच्या सुवर्णसौधात येऊन उतरते, लॉज भरतात, रस्ते बंद होतात, मैदानावर निदर्शकांचे मांडव पडतात, आणि आमच्या दारात दहा-बारा दिवस सभागृह भरून उठते. आम्ही पत्रकारांच्या सज्जात बसतो. प्रश्नोत्तराच्या तासाला खाली कोण उठतो हे पाहतो. ज्या दिवशी गदारोळात तो तास वाहून जातो त्या दिवशी सर्वांत निश्चिंत चेहरा कोणाचा असतो, हे आम्ही अनेकदा टिपून ठेवले आहे. तो नेहमी पहिल्या बाकावरचा असतो.

घटनेने एवढेच बंधन घातले आहे की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये. अधिवेशन किती दिवस चालावे हे तिने सांगितलेले नाही. मुख्यमंत्र्यास सभागृह नकोसे झाले तर तो ते मोडीत नाही. ते लवकर उठवितो. म्हणून कोणता आमदार निवडला यापेक्षाही सभागृह किती दिवस बसले, त्यात तारांकित प्रश्न किती लागले, लक्षवेधी किती आल्या, दिलेल्या आश्वासनांचे आश्वासन समितीत काय झाले, लोकलेखा समितीचा अहवाल कोणी वाचला, या रूक्ष गोष्टींत खरा जाब दडलेला आहे. त्या विचारणे कंटाळवाणे आहे, हे आम्ही मान्य करतो.

चहाच्या वेळी त्या गृहस्थांस आम्ही उलट एक प्रश्न केला होता. आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यास कोणता प्रश्न विचारला, हे सांगता येईल काय? त्यांनी शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने तिसऱ्याकडे. बेळगावात हाच प्रश्न आम्ही विचारला असता तर तेथेही असेच झाले असते.

येथून एक सोय आहे, जी आमच्याकडे नाही. कुकटपल्लीच्या स्थानकावर मेट्रोत बसले म्हणजे गाडी न बदलता ‘असेंब्ली’ या नावाच्या स्थानकावर उतरता येते. अधिवेशन चालू असताना प्रेक्षकांच्या सज्जाचा पास सामान्यतः आमदाराच्या शिफारशीने मिळतो. उदगीरकर म्हणाले की पुढच्या अधिवेशनास चार जण मिळून जाऊ. पास मागावयास आमदारांच्या कचेरीत जाल तेव्हा, या वेळी आपण कोणता प्रश्न लावला आहे, एवढे तेथल्या तेथे विचारून या, आणि जे उत्तर मिळेल ते आम्हांस बेळगावास कळवा. आम्ही ते छापू.